धान आत, तांदूळ बाहेर

गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातल्या एका आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्थेचा मी व्यवस्थापक. एवढं लांबलचक नाव कोणी घेत नाही. सगळे ‘आविका’ म्हणतात. आमच्या आवाराला दोन दारं आहेत. मागच्या दारानं धान आत येतं, कारण आदिवासी विकास महामंडळासाठी हमीभावानं खरेदी आमच्या काट्यावर होते. पुढच्या दारातून तांदूळ बाहेर जातो, कारण गावचं रास्त भाव दुकानही संस्थेकडेच आहे. डिसेंबरात दोन्ही दारांवर एकाच दिवशी गर्दी उसळते. तसल्या एका दिवसाची ही नोंद.

पहाटे ५.३०

चौकीदाराची शेकोटी विझत आलेली असते. पोचल्यापोचल्या आधी ताडपत्र्या पाहायच्या. रात्रभर पडलेलं दव खोलगट भागात साचतं. ते वेळेत झटकलं नाही तर ऊन वर आल्यावर शिवणीतून झिरपतं आणि वरच्या थरातल्या धानाला कोंब फुटतात. गोदामात जागा आहे तोवर ही कटकट नसते; पण ते लवकर भरतं आणि पुढच्या थप्प्या आवारात, लाकडाच्या ओंडक्यांवर, उघड्यावर लागतात.

सहकारी संस्थांच्या जागेत धान्याची गोदामं बांधायची केंद्राची योजना मे २०२३ मध्ये मंजूर झाली. अमरावती जिल्ह्यात नेरपिंगळाईच्या संस्थेचं ३,००० टनांचं गोदाम त्यातूनच उभं राहिलं. आमच्या अध्यक्षांनी त्याचा फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवलाय. बारदाना ओला झाला की तो काढून सगळ्यांना दाखवतात.

चौकीदार रात्रीची खबर तोंडी देतो. डुकरं आली का, कोणाची गाय थप्पीला लागली का आणि हत्ती कुठे आहेत. हत्तींची चौकशी आमच्याकडे नवीन. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूनं रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात उतरला. उभं धान तुडवलं गेलं, शेतातले पुंजणे विस्कटले गेले. तेव्हापासून रात्रपाळीच्या माणसाला दोन पैसे जास्त द्यावे लागतात आणि ते संस्थेच्याच खात्यातून जातात.

सकाळी ७.००

फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली. नोव्हेंबरात हलक्या धानाचा माल येऊन गेला, आता भारी धानाची पाळी. नंबराची वही उघडायच्या आतच आवाज येतो, “माया नंबर कवा लागते जी? कालपासून गाडी उभी हाये, ट्रॅक्टरवाला भाडं मागते.”

नुसता नंबर असून भागत नाही. पोर्टलवर नोंदणी झालेली हवी. त्यासाठी सातबारा, नमुना आठ-अ, आधार, पासबुक आणि ई-पीक पाहणीत धानाचा पेरा, एवढं जुळावं लागतं. हेक्टरी किती क्विंटल घ्यायचं याची मर्यादा जिल्ह्याच्या उत्पादकतेवरून ठरते. सातबारा सामाईक असला की भावाबहिणींच्या संमतीचा कागद लागतो आणि एक बहीण नेमकी नांदायला सीमेपार राजनांदगावकडे असते. वनहक्काचा पट्टा मिळालेल्यांची कागदं आणखी निराळी. सकाळचा पहिला तास म्हणजे तलाठ्याच्या कामाची आणि माझ्या कामाची खिचडी.

तरीही लोक थांबतात, कारण भाव. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. गावात फिरणारा व्यापारी त्याहून कमी देतो. पण तो सातबारा मागत नाही आणि पैसे जागेवर मोजतो. ज्याच्या घरी दवाखाना किंवा लग्न निघालंय त्याला आमची रांग परवडत नाही. त्या माणसाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी आमची रांग आखूड कशी होईल, ते पाहायचं.

सकाळी ९.००

ग्रेडर येतो. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर धान काढतो, तळहातावर चोळतो, एक दाणा दाताखाली धरतो. कट्टकन तुटला तर सुका. मग यंत्र लावतो. ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यावर गेला की माल परत. पण यंत्र लावायच्या आधीच ग्रेडरचा चेहरा वाचून शेतकऱ्याला निकाल कळलेला असतो.

आज एका म्हाताऱ्या काकांचं धान १८.४ निघालं. ते काही बोलले नाहीत. नुसते ट्रॅक्टरकडे पाहत राहिले. परत न्यायचं म्हणजे भाडं दुप्पट. आमच्या आवाराच्या पूर्वेला सिमेंटचं खळं आहे, ते मी त्यांना दाखवलं. “काका, इथंच पसरा. दोन उन्हं लागली की परवा मोजू.” हे खळं संस्थेनं स्वतःच्या नफ्यातून केलंय. कोणत्याही योजनेत बसत नाही. पण हंगामात सगळ्यात उपयोगी पडतं तेच.

आता काटा. एका कट्ट्यात ४० किलो धान आणि बारदान्याच्या वजनापोटी ६०० ग्रॅम, म्हणजे काट्यावर ४०.६०० दिसायला हवं. हमाल कट्टा ठेवतो, मापारी ओंजळीनं धान घालतो किंवा काढतो, मी आकडा मोठ्यानं वाचतो आणि शेतकऱ्याचा पोरगा वहीत लिहितो. आकडा ४०.९०० वर थांबला की मापाऱ्याचा हात जरा रेंगाळतो. त्या रेंगाळलेल्या हातात धानखरेदीचं सगळं राजकारण आहे.

हिशेब सरळ आहे. या भावानं एका किलोचे २३ रुपये ६९ पैसे होतात. तीस क्विंटल आणणाऱ्याचे ७५ कट्टे भरतात. प्रत्येक कट्ट्यात एक किलो जास्त घेतलं तर ७५ किलो गेलं, म्हणजे पावणेअठराशे रुपये. रोवणीच्या बायांची कित्येक दिवसांची मजुरी नुसत्या रेंगाळण्यात जाते. जिल्ह्यात कुठल्याही केंद्राबाहेर चहाच्या टपरीवर बसा, पहिली तक्रार हीच ऐकू येईल.

सकाळी ११.३०

हमाल भाकरीला बसलेत. मी थप्प्यांचं रजिस्टर काढतो. मापाऱ्याचा हात का रेंगाळतो याचं उत्तर या रजिस्टरात आहे आणि ते निव्वळ लबाडीचं नाही.

धान १७ टक्के ओलाव्याचं घेतलं की त्यातला कोरडा भाग ८३ टक्के. उघड्यावर पडून ओलावा १४ वर आला की तोच कोरडा भाग ८६ टक्के होतो. म्हणजे हजार क्विंटल घेतलेलं धान काही न सांडता, न चोरता ९६५ क्विंटलवर येतं. पस्तीस क्विंटल हवेत गेलं. दहा हजार क्विंटल खरेदीवर हा आकडा साडेतीनशेच्या घरात जातो आणि त्याची किंमत सव्वाआठ लाख होते. सगळाच माल काही १७ चा नसतो, पण दिशा हीच. उंदीर, पाखरं, फाटका बारदाना हे वेगळं.

उलट मान्य होणारी तूट असते टक्क्याच्या आतबाहेरची. त्यावरची संस्थेच्या कमिशनमधून वळती होते. धान जितके दिवस पडून राहील तितकं सुकत जातं; आणि ते कधी उचललं जाईल हे मिलरशी झालेले करार, भरडाईची क्षमता, गाड्या आणि डीओ, म्हणजे माल उचलण्याचा आदेश, निघण्याची तारीख यांवर ठरतं. यातली एकही गोष्ट माझ्या हातात नाही. माझ्या हातात फक्त काटा आहे. म्हणून काही ठिकाणी काट्यावरच तूट आधी वसूल करून ठेवतात. वरून आलेला तोटा खाली सरकवायला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे धान घेऊन आलेला शेतकरी.

दुपारी १.००

पुढचं दार उघडतो. रेशनची रांग बायांची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या दर माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हक्कानं दिलं. आधी त्याला किलोमागे दोन-तीन रुपये पडत. १ जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. दुकानांचे परवाने देताना पंचायती, बचत गट आणि सहकारी संस्था यांना पसंती द्यावी, असं त्याच कायद्यात लिहिलंय. आमच्याकडे दुकान आहे ते त्या विचारानं.

ई-पॉस यंत्राला नेटवर्क लागतं आणि आमच्याकडे ते खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात येतं. म्हणून यंत्र तिथे, काटा इथे, मधे मी. एका आजीचा अंगठा तीनदा लावला, उमटेना. “रोवणी करून करून घासला बाबू, मशीनले कायचा दिसते,” त्या म्हणाल्या. अंगठा नाही तर डोळा, डोळा नाही तर मोबाईलवर ओटीपी. मोबाईल नातवाकडे, नातू ब्रह्मपुरीला बांधकामावर. त्याला फोन केला, त्यानं आकडे सांगितले, तांदूळ मिळाला. या कामाला कमिशन नाही आणि ते वहीत लिहायला रकानाही नाही. पण हे झालं नाही तर आजीचा हक्क कागदावरच राहतो.

दुसऱ्या बाईनं पिशवीतून चार दाणे काढून दाखवले. “हे पिलास्टिकचे हायेत म्हणते.” रेशनच्या त्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून बनवलेले दाणे मिसळलेले होते. ते रंगानं जरा वेगळे दिसतात, म्हणून बाया निवडून फेकतात. मागे आम्ही दुकानासमोरच चूल मांडून भात शिजवला आणि संचालकांनी रांगेतल्यांसोबत बसून खाल्ला. त्यानंतर तक्रार कमी झाली, संपली नाही. खासगी दुकानदारानं हा उद्योग कशाला केला असता?

दुकानदाराला मिळतं काय, तेही सांगतो. क्विंटलमागे १५० रुपये मिळत होते, २०२५ मध्ये ते १७० झाले. महिन्याला साठ क्विंटल वाटलं तर हातात १०,२०० रुपये. त्यातून वीज, मापाऱ्याची मजुरी, सुतळी, झाडूपोता. एकटं दुकान यावर तग धरत नाही. आमचं टिकतं ते खतविक्री, धानखरेदी आणि रेशन एका छपराखाली असल्यामुळे. तिन्हींचा माणूस एक, गोदाम एक, वीजबिल एक.

दुपारी ३.००

रेशनचा ट्रक लागतो. पन्नास किलोची पोती. इथंही मी प्रत्येक पोतं काट्यावर घ्यायला लावतो. चालक चिडतो, त्याला पुढची गावं गाठायची असतात. एखादं पोतं पन्नास भरतं, एखादं साडेअठ्ठेचाळीस. जे कमी भरेल ते पावतीवर तसंच लिहायचं आणि चालकाची सही घ्यायची. सहीवरून वाद होतो, दहा मिनिटं जातात, सही मिळते.

हे केलं नाही तर? पोत्यामागे दीड किलो मी कुठून आणू? शेवटी तीस कार्डधारकांच्या मापातून पन्नास-पन्नास ग्रॅम निघतात आणि पोतं पुरं होतं. मागच्या दारात शेतकऱ्याकडून किलोभर जास्त, पुढच्या दारात मजुराला चिमूटभर कमी. दोन्हीकडे माणूसही बहुधा तोच. दीड एकरवाला शेतकरी डिसेंबरात आम्हाला धान विकतो, कारण त्याला उधारी फेडायला रोकड हवी असते; आणि पावसाळ्यात रेशनचा तांदूळ नेतो, कारण घरची कणगी तोवर रिकामी झालेली असते. शंभर क्विंटल धानाचा सरकारी हिशेबानं ६७ क्विंटल तांदूळ होतो. म्हणजे सकाळच्या त्या ७५ कट्ट्यांचा तांदूळ वीस क्विंटल. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला वर्षाला तीन क्विंटल लागतात. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरात सहा-सात घरांचं वर्षाचं रेशन होतं. अन्नसुरक्षा आम्ही अशी मोजतो, कट्ट्यांत.

सायंकाळी ५.००

काटा बंद. संगणकावर दिवसाच्या खरेदीची नोंद करायची, हुंड्या, म्हणजे पैसे काढायचे कागद, तयार करून पुढे पाठवायच्या. पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात जातात, पण कधी, ते मला सांगता येत नाही. तरी प्रश्न मलाच विचारतात.

सकाळी रांगेतून निघून गेलेला एक जण संध्याकाळी परत आला. पोराच्या ऑपरेशनसाठी अर्धं धान व्यापाऱ्याला देऊन आला होता. उरलेल्या अर्ध्याचा नंबर राखून ठेवा म्हणाला. ठेवला.

त्याच्या आजोबांच्या काळी अर्धं देऊन सुटका नव्हती. आषाढात सावकाराकडून कुडव-दोन कुडव धान आणायचं आणि पीक निघालं की दीडपट घालायचं. नाशिक-ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात उभं पीकच आधी कवडीमोलानं लिहून घेत, त्याला ‘पालेमोड’ म्हणत. हे मोडायला १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ निघालं, १९७६ मध्ये आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा आला आणि गावागावांतल्या आविका संस्था महामंडळाच्या खरेदीला जोडल्या गेल्या. १९७८ पासून पावसाळ्यातल्या भुकेसाठी ‘खावटी’ कर्ज सुरू झालं, धान्य आणि रोख अशा दोन्ही रूपांत. ते पुढे बंद पडलं. कोरोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, खावटी अनुदान म्हणून कुटुंबाला ४,००० रुपये दिले गेले, अर्धे रोख आणि अर्ध्याच्या वस्तू. जुन्या माणसांच्या तोंडी आजही आविका म्हणजे खावटीवाली सोसायटी. ते पीक घेताना नव्हे, भूक लागल्यावर संस्थेला ओळखू लागले.

सायंकाळी ७.००

संचालक मंडळाची सभा. विषय एक: तूट. मी सकाळचं रजिस्टर मांडलं, मागच्या हंगामात कमिशनमधून किती वळते झाले ते वाचलं. एक संचालक म्हणाले, “सगळीकडं किलो-दीड किलो वरतं घेतेच. आपन कायले मरायचं? संस्था बुडली तं गावाचंच नुकसान.” त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. संस्था खरंच बुडू शकते. जिल्ह्यात बंद पडलेल्या सोसायट्यांची कुलपं गंजलेली सगळ्यांनी पाहिलीत.

खताच्या दुकानाचं काम पाहणाऱ्या एक संचालिका इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “किलो ज्याचं घेणार तो बी आपलाच सभासद नाही का? सप्टेंबरच्या आमसभेत तोच उभा राहून हिशेब मागल. तवा काय सांगाल, तुमचंच घेऊन तुमचीच संस्था जगवली?”

सावकारात आणि सोसायटीत फरक पडतो तो इथे. भाव सरकार ठरवतं, काटा दोघांचाही सारखाच, हमालही तेच. पण सोसायटीत ज्याचं माप मारलं जातं त्याला भर सभेत उभं राहून विचारता येतं आणि पुढच्या निवडणुकीत पाडताही येतं. हा हक्क वापरला गेला नाही तर सोसायटीही आणखी एक दुकानच उरते. आणि कित्येक ठिकाणी तशी उरलीही आहे, हे मान्य करायला हवं.

सव्वा तास वाद झाला. शेवटी तीन ठराव लिहिले. एक, काट्यासमोर फळा टांगायचा, त्यावर ४०.६०० हा आकडा ठळक लिहायचा आणि शेतकऱ्यानं स्वतः वाचल्याशिवाय कट्टा शिवायचा नाही. दोन, खळ्यावर धान सुकवायला नाममात्रही भाडं नको. जितकं सुकं धान काट्यावर येईल तितकी पुढची तूट कमी, म्हणजे हा खर्च दयेचा नाही, संस्थेच्या फायद्याचाच. तीन, वर पत्र पाठवायचं: तुटीचा हिशेब खरेदीच्या आणि उचलीच्या तारखेला जोडा. खरेदीनंतर ठरलेल्या दिवसांत माल उचलला तर त्यातली तूट आमची; त्यापुढचे जितके दिवस धान उघड्यावर राहील, त्या दिवसांची तूट उशीर ज्याच्याकडून झाला त्याच्या नावे.

किलोवाल्या संचालकांनी तिसऱ्या ठरावाला अनुमोदन दिलं, पहिल्यावर तटस्थ राहिले. इतिवृत्तात तसंच नोंदवलंय.

रात्री ८.३०

तिसऱ्या ठरावाचं पत्र आजच लिहून काढलं, कारण उद्या काट्यावरून उठायला होणार नाही. सोबत थप्पीनिहाय तक्ता जोडला: खरेदीची तारीख, तेव्हाचा ओलावा, आजचा ओलावा, आजचं वजन. पत्राला उत्तर येईल की नाही सांगता येत नाही, पण हा तक्ता दर पंधरवड्याला पाठवत राहायचा. वर बसलेल्यांना तक्रार नको असते. तारीख आणि आकडा असला की मात्र फाईल उघडावी लागते.

उद्याच्या पहिल्या वीस नंबरांचे निरोप पाठवले. एकविसावा नंबर खळ्यावर धान पसरलेल्या काकांचा असता. पण त्यांचं परवाच मोजता येईल, म्हणून त्यांच्या जागी दुसऱ्याला बोलावलं. बारदान्याच्या दोन गाठी शिल्लक आहेत, त्या उद्या दुपारीच संपतील. ग्रेडरला सकाळी लवकर यायला सांगितलंय. फळ्यासाठी रंग आणायला शिपायाला पैसे दिले आणि आकडा मराठीतच लिही, मोठा लिही, असं बजावून ठेवलं.